फोटोत कोण आहे?

रजेचा दिवस सत्कारणी लावायचं कारकुनाने ठरवलं, तिथेच घात झाला.

सासूबाईंची बहीण दुपारी चारला कायमची लेकीकडे राहायला निघाली होती, आणि जुना अल्बमही सोबत नेणार होती. सासऱ्यांचे फोटो होते ते तेवढ्या एका अल्बमात. त्यातले एकशे बारा फोटो कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा शब्द त्याने सासूबाईंना दिला होता.

त्याने कॉम्प्युटरसाठी एका ओळीची आज्ञा लिहिली. फोटो स्कॅन करायचा, 'फोटोत कोण आहे?' असं पडद्यावर विचारायचं, आणि जे उत्तर टाइप होईल तेच नाव देऊन फोटो ठेवून द्यायचा.

"एका ओळीत, बरं का!"

"तुमचं कधी एका ओळीत आटोपलंय?" बायको म्हणाली.

"अगं, विचारल्याशिवाय पुढे जात नाही ते."

"मग तुमच्यापेक्षा शहाणं आहे."

फोटो घालून नावं टाइप करायला सासूबाईंना खुर्चीत बसवून तो शेजारच्या मास्तरांना ती ओळ दाखवायला गेला. (कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून.)

चारला गाडी आली, अल्बम गेला, हात हलवून झाले. मग त्याने ऐटीत फोल्डर उघडला. आत तीन फोटो. 'हे'. 'मी'. 'आठवत नाही'.

"आई, बाकीचे?"

"सगळे घातले की! ह्यांच्या फोटोला 'हे' लिहिलं, माझ्या फोटोला 'मी'."

"दरवेळी 'हे'च?"

"मग? दरवेळी वेगळे होते की काय हे?"

कारकुनाने आपली ओळ पुन्हा वाचली. त्याच नावाचा नवा फोटो आला की यंत्र आधीचा निमूटपणे पुसत होतं. 'पुसू का?' हे विचारायला त्याने सांगितलंच नव्हतं. ओळ लांबली असती ना!

एका पायात आपली, एका पायात बायकोची चप्पल घालून तो धावत सुटला. नशीब, गाडी कोपऱ्यावर पेट्रोल भरत होती. महिनाभरात पोचता करण्याच्या बोलीवर अल्बम छातीशी धरून तो धापा टाकत परतला.

सासूबाई पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. 'आठवत नाही' उघडा होता. भरघोस केस, लग्नातला कोट, आणि त्या कोटात तो स्वतः.

"जावईबापू, हा कोण हो? चेहऱ्यावरून कसा हुशार वाटतो." त्यांनी सुस्कारा सोडला. "आपल्या मुलीसाठी असा कोणी बघायला हवा होता."