तुकोजी, तुमच्यासाठी खास

अख्ख्या इंदुरात माझ्याइतकं पक्कं साइन आउट करणारा माणूस दुसरा नाही. अख्ख्या माळव्यात म्हणणार होतो, पण देवासची नक्की माहिती माझ्याकडे नाही.

हा गुण रक्तातला. होळकरांच्या तोफखान्याच्या कोठाराची किल्ली आमच्या पणजोबांकडे असे. संध्याकाळी कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत. एकदा त्यांनी ते इतकं ओढलं, की अख्खं दार चौकटीसकट हातात आलं. कुलूप मात्र शाबूत! महाराजांनी भर दरबारात पाठ थोपटली म्हणतात. दाराचं पुढे काय झालं, ते आमच्या फणशांच्या घरात कुणी विचारत नाही.

तर आमचं मराठी वाचनालय आहे स्नेहलतागंजात. पुस्तकं नऊ हजार, वाचक नऊ, कॉम्प्युटर एक. आईवडील परदेशी असल्याने आमच्याजवळच वाढलेला माझा नातू देवांश सहा महिन्यांपूर्वी तिथे मला घेऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुमचं पर्सनल होमपेज बनवून देतो. एकदम झक्कास! उघडलं की सगळं तुमच्या पसंतीचं."

आणि खरंच बनवलं! वर माझा फेटा बांधलेला फोटो, शेजारी "सुप्रभात, तुकोजी!", बाजूला हवामान, माझी रास, क्रिकेट. खाली एक चौकट: "तुकोजी, तुमच्यासाठी खास." माणूस काय शोधतो, काय वाचतो हे बघून मशीन त्या चौकटीत त्याच्या आवडीचं आणून ठेवतं. पन्नास वर्षांच्या संसारात हे मला कुणी केलेलं नव्हतं.

"पण उठताना साइन आउट करायचं, आजोबा. नाही तर लोक तुमचं सगळं बघतील. प्रायव्हसीचा मामला असतो."

"बेटा," मी म्हटलं, "कुलपाच्या गोष्टी फणशांना शिकवू नकोस."

पहिल्याच दिवशी मी साइन आउट दाबलं. मेल बंद झाली. बटण पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. बघतो तर काय! फोटो तिथेच! फेट्यासकट! "सुप्रभात, तुकोजी!" संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, तरी सुप्रभात!

दुसरा कुणी घाबरला असता. मी सुखावलो. वाचनालयात फोटो लागायला माणसाला आधी मरावं लागतं. भिंतीवरचे सातही जण ती अट पुरी करून वर गेलेले. मी आठवा, आणि खाली बसून चहा पीत होतो! एवढा मान सोडून कोण तक्रार करायला जातो?

उलट मी प्रायव्हसीवर शिकवणीच सुरू केली. द्वारकाबाई विचारायच्या, "तुकोजीभाऊ, उठताना काय करायचं म्हणालात?"

"साइन आउट. तीनदा."

"मी तर साइन इनच केलेलं नसतं."

"तरी करा. सवय चांगली."

असं छान चाललं होतं. त्यातच देवांशचं जमलं. त्याच्या ऑफिसातली निशिगंधा. मुलगी हुशार, हसरी, आणि दोघं एकमेकांच्या डब्यातलं खायच्या पातळीला पोचलेले. मुलीचे वडील अरविंदजी बारा वर्षांपूर्वी पुण्याहून इंदूरच्या एका कॉलेजात शिकवायला आले. बारा वर्षांत त्यांनी इंदूरबद्दल एकच मत बनवलं, की इथले पोहे बरे असतात, पण त्यावर शेव नको. तेही आमच्या वाचनालयाचे सभासद. साखरपुड्याची तारीख ठरवायला गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या अन्नपूर्णा भागातल्या घरी आले.

प्रेमलताने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, गराडू तळले होते. कंदाचे हे गरम तुकडे मसाला लावून समोर आले की माळव्यात वैरीसुद्धा आधी खातो आणि मग भांडतो. अरविंदजींनी ताटलीला हात लावला नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही आनंदात आहात ना?"

"आत्ता कढईपुढून उठून आलेय. आनंदात कशी असेन?"

"तसं नव्हे. एकूण?"

"एकूण म्हणजे?"

"म्हणजे... तुकोजीराव आणि तुम्ही. यापुढेही एकत्रच राहायचा विचार आहे ना?"

प्रेमलताने माझ्याकडे पाहिलं. फ्रीजमधलं श्रीखंड कमी झालं की बघते तसं.

"आणि हे घर कुणाच्या नावावर आहे? पुढेमागे घरात नातसून आली, तर तिच्याबद्दल तुकोजीरावांच्या मनात काही... योजना?"

"अरविंदजी," मी म्हटलं, "योजना एकच. नातसून आली की मला दुसरा चहा मिळेल."

ते हसले नाहीत. पुण्याचा माणूस न हसता उठला की काही वाटत नाही. पण न खाता उठला! "साखरपुडा तूर्त थांबवू या," ते म्हणाले. देवांशच्या हातातली शेव हातातच राहिली. इंदुरी माणसाची शेव तोंडाऐवजी हातात अडकली, तर समजावं की प्रकरण गंभीर आहे.

प्रेमलता दारात जाऊन उभी राहिली. "कारण सांगा. त्याशिवाय या दारातून जाता येणार नाही."

"कारण वाचनालयात आहे. रविवारी अकरा वाजता सगळे या. माझा स्वभाव स्पष्ट आहे. मी आरोप करत नाही, दाखवतो."

तीन दिवस पोरगा जेवला नाही. म्हणजे पोहे खायचा, कचोरी खायचा, पण जेवला नाही. मी मात्र शांत होतो. मला कसली भीती? माझं साइन आउट झालेलं होतं. तीनदा!

रविवारी अकराला आम्ही तिघं पोचलो. निशिगंधा वडिलांबरोबर आली होती. तिने देवांशकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण वडील तिच्याकडेच पाहत होते. नेहमीच्या खुर्च्यांवर द्वारकाबाई होत्या, आणि माझा जुना मित्र वासुदेव होता. निशिगंधाने मशीन सुरू केलं. फेटा झळकला. सुप्रभात झाली.

"वाच," अरविंदजी म्हणाले.

निशिगंधाने खाकरून वाचलं, "तुकोजी, तुमच्यासाठी खास: सत्तरीनंतर दुसरं लग्न. सुरुवात कुठून करावी?"

वाचनालयातला पंखासुद्धा हळू झाला.

"पुढचं."

"तुकोजी, तुमच्यासाठी खास: मृत्युपत्र असं करा, की सुनेला फुटकी कवडीही मिळणार नाही!"

"सत्तरीनंतर?" प्रेमलता म्हणाली. "म्हणजे तुम्हाला आधीच सहा वर्षं उशीर झालाय."

"प्रेमलता, हा मी नाही!"

"फोटो कुणाचा आहे?"

"माझा."

"फेटा?"

"तोही माझाच."

"छान. नवीन घ्यायला नको. दुसऱ्या लग्नाला हाच बांधा!"

"पण मी साइन आउट करतो ना! रोज! हवं तर कुणालाही विचारा!"

तेव्हा निशिगंधा खुदकन हसली. "आजोबा, साइन आउटने मेल बंद होते. हे पान मात्र या मशीनमध्ये तुमच्या नावानेच उघडं राहतं. तुमच्यानंतर जो कुणी इथे बसून जे काही शोधेल, ते सगळं तुमच्या नावावर जमा होतं."

"म्हणजे सहा महिने अख्खं वाचनालय माझ्या नावाने..."

"हो."

"सिद्धांत समजला," अरविंदजी म्हणाले. "पुरावा?"

आता पुरावा कुठून आणायचा? मी वळलो. सगळ्या वाचनालयाला हात जोडले. "मंडळी, माझ्या नातवाचं लग्न या दोन ओळींवर अडलंय. ज्याची ओळ असेल त्याने घेऊन जावी."

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठ्ठावीस. "मृत्युपत्राचं माझं! का, लाजू कशाला?"

"द्वारकाबाई! वर माझा फोटो दिसत नव्हता का तुम्हाला?"

"दिसायचा की! मला वाटलं मशीन तुम्हीच दान दिलंय, म्हणून फोटो लावलाय. देणगीदाराला रोज नमस्कार करूनच बसायचे मी."

"सुनेला कळलं तर?" निशिगंधाने विचारलं.

"खुशाल सांग तिला. दोन दिवस चहा तरी वेळेवर मिळेल!"

एक ओळ सुटली. राहिली दुसऱ्या लग्नाची. वासुदेव गेल्या वर्षीच्या पंचांगात डोकं खुपसून बसला होता. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मला लगेच अंदाज आला.

"वासुदेव!"

"भिया, मैं तो इधर आताच नाही."

"तू रोज इथेच असतोस!"

"पेपर वाचायला. मशीनला हात लावला असेल तर शपथ!"

मी चिडलो, ओरडलो, त्याने पन्नास वर्षांत खाल्लेल्या माझ्या कचोऱ्यांची आठवण करून दिली. तो पंचांगात आणखी आत गेला. शेवटी देवांश उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. "वासुदेवआजोबा, मला लग्न करायचंय तर हिच्याशीच," तो एवढंच म्हणाला.

वासुदेवने पंचांग मिटलं. हळूहळू उभा राहिला. "माझी आहे ती ओळ. एकट्याने जेवायला बसलं की घास तोंडात नुसता फिरतो. म्हणून विचारलं. गुन्हा आहे का?"

मग द्वारकाबाईच म्हणाल्या, "गुन्हा कसला? पण असल्या गोष्टी माणसांना विचारायच्या असतात, वासुदेवजी. मशीनला काय विचारता?"

प्रेमलताने डोळे पुसले आणि वासुदेवला रोज रात्री आमच्याकडे जेवायला यायला सांगितलं. माझी माफी मागायची राहिली, ती अजून राहिलेलीच आहे.

"ठीक," अरविंदजी म्हणाले. "दोन्हींचा खुलासा झाला. मी स्पष्ट माणूस आहे, तसं मान्य करतो."

"बाबा, थांबा. खाली आणखी एक आहे." निशिगंधा वाचायला लागली. "तुकोजी, तुमच्यासाठी खास: मुलाकडच्या लोकांची गुप्त चौकशी, कमी खर्चात. आणि हेही पाहा: फणसे घराणं, इंदूर. खरं की थापा?"

"ही ओळ कुणाची?" मी विचारलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. वासुदेव म्हणाला, "एवढं सगळं कबूल केलं, आता हे कशाला लपवू?"

निशिगंधाने खटाखट दोन बटणं दाबली. "हे बुधवारी शोधलंय. सव्वापाच वाजता."

"बुधवारी सव्वापाचला इथे आम्ही दोघं होतो," द्वारकाबाई म्हणाल्या, "आणि मशीनवर..."

सगळ्या माना एकदम अरविंदजींकडे वळल्या. भिंतीवरच्या सात जणांच्यासुद्धा वळल्या असं मला वाटलं.

"मी सगळं बंद करून उठलो होतो!" अरविंदजी ओरडले.

"बटण किती वेळा दाबलंत?" मी विचारलं.

"एकदा!"

"तिथेच चुकलं, अरविंदजी."

"बाबा!" निशिगंधा म्हणाली. त्या एका शब्दात पुण्याचा बारा वर्षांचा ताठा खुर्चीत बसला. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग अगदी हळू, मशीनला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुकोजीराव, साखरपुडा येत्या रविवारी जमेल?"

जमेल म्हणजे काय! देवांशने तिथल्या तिथे उडी मारली आणि निशिगंधाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

मी मोठ्या दिमाखात घरी आलो. निर्दोष सुटलेला माणूस जिना चढतो तसा चढलो. प्रेमलताने पाण्याचा पेला समोर ठेवला आणि समोरच बसली.

"एक विचारू? तीन ओळी होत्या. एक द्वारकाबाईंची, एक वासुदेवभाऊजींची, एक अरविंदजींची. सहा महिने रोज तीन-तीन तास तुम्ही त्या मशीनपुढे बसता. मग तुमची एकही ओळ कशी नाही?"

पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला एकदा तरी खरं सांगावं म्हणतात. मी सांगितलं.

"मला टाइप करता येत नाही. देवांशने दोनच बटणं शिकवली होती. आत जायचं आणि बाहेर यायचं."

"आणि मधले तीन तास?"

"फोटो बघतो."

ती उठली, दार लावलं, कडी घातली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"हे अरविंदजींना कळू देऊ नका. दुसरं लग्न त्यांनी ऐकून घेतलं, मृत्युपत्र ऐकून घेतलं. पण हे कळलं, तर साखरपुडा नक्की मोडेल."