टेबलक्लॉथखालचा कप्तान

त्या शनिवारी दुपारी सिरिल पिलबीमच्या मनात आलं, की बायकोच्या खापरपणजोबांना एकदा आंघोळ घालावी. झालं! माणसाचं वाटोळं व्हायला एवढंसं मनात येणं पुरतं.

खापरपणजोबा म्हणजे आरमारातले कॅप्टन ट्रेगार्थन. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं त्यांचं जुनं चित्र सिरिलच्या गॉस्पोर्टच्या घरात टांगलेलं असे. कागदावर तांबूस डाग इतके, की कप्तानाला गोवर आलाय वाटावं. दरवर्षी कप्तानाच्या लढाईच्या दिवशी सिरिलचे सासरे, रिटायर कमांडर, चहाला येत आणि चित्राकडे बघून बसल्या बसल्याच प्याला उंचावत. (आरमाराची रीतच तशी. जहाजाचं छत ठेंगणं, उभं राहिलं की टाळकं आपटायचं.)

चित्रावर कमांडरांच्या थोरल्या मुलीचा, ऑगस्टाचा डोळा होता. तिचा नवरा आरमारात, आणि सिरिल गॅस कंपनीत कारकून. तरी धाकट्या विनीनं, म्हणजे सिरिलच्या बायकोनं, बापाशी भांडून चित्र आणलं. कमांडर म्हणाले होते, "ने. पण नखाएवढं काही झालं, तर परत घेऊन जाईन."

आज तोच लढाईचा दिवस, आणि सिरिलला सासऱ्यांकडून शाबासकी हवी होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं त्याला सांगितलेलं, "पूर्वीचा कागद चिंध्यांचा. खुशाल बुडवा, फक्त दाबून वाळवा."

विनी केक आणायला गेली तसा कप्तान टबात उतरला. आणि बाई, डाग खरोखर निघाले! सिरिलनं ओलं चित्र टिपकागदांत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, विनीला दिसू नये म्हणून वर पांढरा टेबलक्लॉथ पसरला, आणि टब घासायला माडीवर गेला.

खाली येतो तो काय, विनीनं त्याच कापडावर चहा मांडलेला! किटली, केक, डब्यातला सामन मासा, आणि बरोब्बर मधोमध व्हिनेगरमधल्या बीटरूटचा वाडगा.

"विनी, आज बागेत बसूया का?"

"मार्च महिन्यात? बरं वाटत नाहीये का तुला?"

तेवढ्यात घंटा वाजली. कमांडर पाच मिनिटं आधी. आरमारात पाच मिनिटं आधी म्हणजेच वेळेवर.

"कप्तान कुठायत?" बसायच्या आधीच त्यांनी भिंतीकडे बघितलं.

विनीनं सिरिलकडे बघितलं. सिरिलनं टेबलाकडे.

"इथेच आहेत," तो म्हणाला. (खोटं नव्हतं.) "म्हणजे, चौकटीचं काम निघालं..."

"आज? लढाईच्या दिवशी?" कमांडरांनी टेबलावर मूठ आपटली. वाडगा हलला. सिरिलनं दोन्ही कोपरं कापडावर रोवली.

"टेबलावरची कोपरं काढ," विनी पुटपुटली.

"नाही काढता येत."

"मिस्टर पिलबीम, चित्र फाडलंत की विकलंत?"

"बाबा, सिरिल असं नाही करणार!" विनी म्हणाली खरी, पण बघत होती भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे. "सिरिल, सांग ना रे!"

त्याला राहवेना. सांगायला म्हणून तो ताडकन उठला, कोटाच्या बटणात टेबलक्लॉथ अडकला, आणि बीटरूटचा वाडगा आडवा. लाल पाणी कापडातून झरझर खाली मुरलं.

"कप्तान!" सिरिल किंचाळला आणि त्यानं सगळं बाजूला सारून टिपकागद उचलला.

चेहरा लख्ख. गोवर गेलेला. फक्त नाक लालबुंद.

विनीनं डोळे मिटून घेतले. कमांडर चष्मा पुसून खाली वाकले.

"आजी सांगायची," ते हळूच म्हणाले, "कप्तानांचं नाक रम पिऊन पिऊन टोमॅटोसारखं झालेलं. काळ्या शाईत ते कधी दिसलंच नाही. आज पहिल्यांदा बघतोय मी त्यांना." त्यांनी सिरिलचा हात धरून गदगदा हलवला. "मला वाटायचं, तू नुसता कारकून आहेस!"

सिरिलची छाती फुगली. विनीचा जीव भांड्यात पडला.

"असं चित्र घरात कोंडून ठेवणं पाप," कमांडर म्हणाले. "आमच्या क्लबात लावतो." आणि कप्तानाला टिपकागदात गुंडाळून, काखेत मारून ते चालते झाले.

विनी आठ दिवस सिरिलशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली.

"क्लबातून निरोप आलाय," ती म्हणाली. "तिथे आणखी अकरा अधिकारी टांगलेत. बीटरूट घेऊन कधी येतोस, विचारतायत."