बॅटरीची खोली

पाचोऱ्याच्या रतिलाल महाजनांनी ग्रामसेवकाच्या नोकरीत तीस वर्षं लोकांना सरकारी योजना समजावून दिल्या, पण स्वतःच्या पदरात एकही पडली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर घरगुती सौर बॅटरीवर सूट मिळणार असं कळताच त्यांनी त्याच दिवशी कागदांची फाईल तयार केली. छतावर पॅनल होतेच.

दुकानदार हितेंद्रने हिशेब केला. माणसं दोन, पंखे तीन, एक फ्रिज. तीन युनिटची बॅटरी भरपूर झाली असती. पण सूट पाचपासून पुढे होती, म्हणून रतिलालनी पाच ठरवली. आठवड्यात नियम बदलला. पाचची सूट निम्मी झाली, दहाची दुप्पट, तीही महिनाअखेरपर्यंतच.

"दहा कसाले?" पत्नी कुंदाबाईंनी विचारलं. "आपन दोनच जीव."

"सूट दहावर शे," रतिलाल म्हणाले.

कपाटाएवढी बॅटरी आली आणि पश्चिमेच्या भिंतीला बसली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला तशी ती भर दुपारी आपोआप बंद पडली. हितेंद्रने पुस्तिका उघडून दाखवली; एवढ्या उष्णतेत ठेवली तर वॉरंटी जाते. वॉरंटी गेली की सूटही परत करावी लागते, हे कलम रतिलालनी स्वतः शोधून काढलं.

घरात त्यातल्या त्यात थंड अशी झोपण्याची खोलीच होती. बॅटरी तिथे गेली, पलंग ओसरीत आला. तरी पारा उतरेना, म्हणून एसी आणला. कुंदाबाईंनी आठ उन्हाळे मागितलेला एसी बॅटरीला चार दिवसांत मिळाला.

सोमवारी दुपारी गावाची लाईट गेली. खोलीतला एसी बॅटरीवर सुरूच राहिला. लाईट कधी येईल याचा नेम नव्हता आणि एसी बंद पडता कामा नये, म्हणून रतिलालनी घरातले पंखे बंद केले.

कुंदाबाईंनी चटई आणि उशी उचलली आणि खोलीचं दार उघडलं.

"दार उघाडू नको, थंडी जास," रतिलाल घाईने म्हणाले. "बॅटरीनी वॉरंटी शे."

"आनि मनी वॉरंटी?"

रतिलाल पुस्तिकेत कलम शोधू लागले. कुंदाबाईंनी आत जाऊन कडी लावली.

तासाभराने, पुस्तिकेने वारा घेऊन हात दुखल्यावर, रतिलालनी हळूच दार वाजवलं.

"लाईट उनी का?" आतून झोपाळू आवाज आला.

"नही."

"मंग दार कसाले उघाडू? थंडी जास."