ब्रेक्केसाहेबांना प्रेताने सुनावलं, त्याची गोष्ट

'नववा धक्का' या गुन्हेमालिकेत प्रेत व्हायचं मी कबूल केलं, ते केवळ आडवं पडून करायचं काम आयुष्यात पहिल्यांदाच चालून आलं होतं म्हणून.

अर्ज मारितने, म्हणजे माझ्या बायकोने, भरला होता. आमच्या बंदरावर चित्रीकरण होणार, गावातली माणसं हवी आहेत, असं कळताच तिने आम्हा दोघांचे फोटो पाठवून दिले. निवड माझी झाली. त्यांना पन्नाशीपुढचा, अंगाने भरलेला आणि चेहऱ्यावर फारशी हालचाल नसलेला माणूस हवा होता. (नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली की चेहरा आपोआप तसा होतो.) मारित दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. घरात त्या मालिकेची खरी भक्त ती.

तसा मीही एक भाग चुकवत नसे, पण आमचे पक्ष वेगळे. मालिकेत ब्रेक्के नावाचा वरिष्ठ इन्स्पेक्टर आहे आणि त्याच्या हाताखाली सिल्ये. खुनी दरवेळी सिल्ये शोधते आणि ब्रेक्के खिडकीबाहेर बघत तिच्यावर खेकसतो. मारितच्या मते त्याचा तिच्यावर जीव आहे, म्हणून तो खेकसतो. माझ्या मते तो आयतं श्रेय लाटणारा साहेब आहे आणि सिल्येने बदली मागून घ्यावी. या वादात दर रविवारी आमचे वॅफल्स थंड व्हायचे. एकदा तर मी सिल्येच्या बदलीचा अर्ज लिहूनही काढला होता. (तीन प्रतींत.)

मार्चमधल्या एका सकाळी हेरिंग मासळीच्या जुन्या गोदामात, मेलेला मच्छीमार म्हणून, मला निळसर रंग फासून ओल्या फरशीवर निजवलं. योरुन नावाच्या दिग्दर्शिकेने दोनच गोष्टी बजावल्या. डोळे उघडायचे नाहीत आणि पोट हलवायचं नाही. मारित कॉफीचा थर्मास घेऊन दोरीपलीकडे उभी होती.

प्रसंग साधा होता. माझ्या मुठीतलं बटण सिल्येला सापडतं, ती ते ब्रेक्केला दाखवते आणि तो म्हणतो, "तुला विचारलं कुणी? तू फक्त लिहून घे."

पहिल्यांदा मी सहन केलं. दुसऱ्यांदा दात आवळले. पण तो प्रसंग त्यांनी आठ वेळा घेतला हो. आठ वेळा त्या पोरीने बटण शोधायचं आणि आठ वेळा तिचा पाणउतारा, तोही माझ्या छातीवर उभं राहून म्हणा ना. आठव्या वेळी मी बोललो. (डोळे मिटूनच. तेवढा नियम मी पाळला.)

"साहेब, बटण तिने शोधलंय. एकदा तरी तिला शाबास म्हणा."

ब्रेक्केचं काम करणारा नट मुळात फार मऊ माणूस. तो गडबडून आधी माझी माफी मागून बसला, मग सिल्येचं काम करणाऱ्या पोरीची. ती मात्र भडकली. आठव्या वेळी कुठे तिच्या डोळ्यांत खरं पाणी आलं होतं. ती माझ्यावर वाकून म्हणाली, "काका, तो मला शाबास म्हणाला, तर पुढचा भाग तुम्ही बघाल का?"

मी प्रेत असल्यामुळे यावर काही बोललो नाही. पण दोरीपलीकडून मारितचा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण गोदाम रिकामं आणि पत्र्याचं.

"ऑडुन, चोवीस वर्षं तुझा डबा मी भरते आहे. तू कधी म्हणालास?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खुलासा करावा म्हणून मी उठून बसलो, तेव्हा योरुनने हताशपणे विचारलं, की या गावात गप्प पडून राहू शकेल असं कुणी आहे का. मारितने थर्मास माझ्या हातात दिला आणि कोटाची बटणं काढायला लागली.

दहा मिनिटांत मेलेल्या मच्छीमाराची मच्छीमारीण झाली. ब्रेक्के तिच्या तोंडाशी उभा राहून सिल्येवर खेकसला, पण हिची पापणी लवली नाही. मी घोंगडी पांघरून निळ्या तोंडाने बघत होतो. तेव्हा दिसलं, की खेकसता खेकसता ब्रेक्केने, सिल्येचा पाय घसरेल म्हणून, तिचं कोपर हलकेच धरलं आहे. म्हणजे मारितचं खरं होतं तर.

परत येताना गाडीत मी एकदाचा तो शब्द उच्चारला. मारितने ऐकू आलं नाही असं सांगून तो पुन्हा म्हणायला लावला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आधी तोंड धू."

शरद ऋतूत तो भाग लागला. शेजारपाजारचे जमले होते. पडदाभर मारितचा चेहरा आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कॅमेरा सावकाश खाली सरकला आणि दोन अनवाणी, केसाळ, वाकड्या अंगठ्यांची पावलं दिसली. ती माझी होती. पायांचं चित्रीकरण त्यांनी मला निजवल्या निजवल्या उरकून घेतलं होतं आणि पुन्हा करायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. मी मारितकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत राहिली.

तेवढ्यात मेहुणीचा, बेर्गल्योतचा, फोन आला. बहीण किती सुंदर मेली म्हणून तिने मला पाच मिनिटं ऐकवलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ऑडुन, तिला मी बोलले म्हणून सांगू नकोस, पण तिचे पाय एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव. अशा पायांच्या बाईबरोबर तू चोवीस वर्षं तक्रार न करता राहिलास, खरंच शाबास तुझी."