हेडरवरचे मान्यवर

चाकणच्या कंपनीचा मेल स्वप्नालीने तीनदा वाचला, तरी तो काही बदलला नाही. करिष्मा मॅडम दुपारी तपासणीला येणार होत्या. बुशच्या, म्हणजे गाडीत बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळकांड्यांच्या, मापांचा रिपोर्ट छापून तयार हवा होता. प्रत्येक पानावर वर वर्कशॉपचं आणि जबाबदार व्यक्तीचं नाव, खाली पान नंबर. यातलं काही चुकलं तर रिपोर्ट परत, आणि त्याच्या मागोमाग ऑर्डरही परत.

तळवड्याच्या या वर्कशॉपमध्ये स्वप्नाली दिवाळीपासून ट्रेनी होती. परभणीहून आलेली, भोसरीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. मालक दादासाहेब म्हणाले होते, "चाकणचं काम पास झालं की तुला पर्मनंट करतो." म्हणजे आज रिपोर्टबरोबर तिचाही निकाल होता.

मापं तर शीटमध्ये भरून तयारच होती. सगळा मिळून चार पानांचा मामला. तिने पेज सेटअप उघडलं आणि कस्टम हेडरवर क्लिक केलं. डावा, मधला, उजवा असे तीन रिकामे चौकोन समोर आले. मधल्यात वर्कशॉपचं नाव टाकलं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग तिने मान वर करून विचारलं, "सर, जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाचं नाव टाकू?"

हे विचारायला नको होतं.

कारण दादासाहेबांच्या घरी बारशाचा फ्लेक्स लागला तरी बाळाचा फोटो कोपऱ्यात आणि वर सगळी भावकी असायची. जबाबदार व्यक्ती म्हणजे मान्यवर, याबद्दल त्यांच्या मनात तसूभरही शंका नव्हती.

"माझं टाक," ते म्हणाले, "आणि बबनतात्यांचं. शेड त्यांच्या जागेत हाय. त्यांचं ऱ्हायलं तर दिवाळीपत्तुर बोलणार न्हाईत. आईचं पण टाक. मशीनची पूजा तिनंच केली ना."

"सर, त्यांनी एकच नाव मागितलंय."

"एकच? अगं, एक टाकलं की बाकीचे इचारतात."

आणि बाकीचे विचारायला आलेच. चुलते बबनराव शेजारच्या बंगल्यातून, आई शालनबाई डबा घेऊन. दोघंही खुर्च्या ओढून कॉम्प्युटरसमोर असे बसले, की जणू टीव्हीवर मालिका लागलीय.

"पोरी, नावाम्होरं 'प्रगतशील बागायतदार' टाक," बबनराव म्हणाले.

"तात्या, हा बुशचा रिपोर्ट आहे हो."

"मग? बुश काय हवेत बनत्यात व्हय? आमच्याच जमिनीवर बनत्यात की."

शालनबाईंच्या नावापुढे 'मातोश्री' लागलं. दादासाहेबांच्या पुढे 'युवा उद्योजक' लागलं, हे त्यांनी स्वतःच सुचवलं. थोड्या वेळाने हेडरने हात टेकले. आता एकही अक्षर आत जाईना.

"भरलं बघा. तात्यांचं 'बागायतदार' खाली फुटरमध्ये घेऊ का?"

बबनराव उठून उभे राहिले. "खाली? मी वर अन् माजी बागायत पायाशी?"

"अवो, बसा की," शालनबाई म्हणाल्या. "माजं घाल गं बाय खाली. मला काय, कुटं बी चालतं."

"आईचं नाव पायाशी?" आता दादासाहेब उठले.

शेवटी तिघंही वर राहिले. खाली फुटरमध्ये 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ' आलं, आणि पान नंबर त्या ग्रामस्थांच्या गर्दीत कुठेतरी अंग चोरून उभा राहिला.

स्वप्नालीने पहिलं पान छापलं. नावांच्या ओळी थेट टेबलावर पसरल्या होत्या. 'मातोश्री' एका मापावर आडव्या, 'प्रगतशील' दुसऱ्यावर. तिने वरची मार्जिन वाढवली. मग शुभेच्छुक मापांवर चढले, म्हणून खालचीही वाढवली. आता एका पानावर मापांच्या चार ओळी आणि बाकी सगळं खानदान. चार पानांचा रिपोर्ट फुगत फुगत टेलिफोन डिरेक्टरीएवढा झाला. प्रिंटरने दोनदा कागद मागितला आणि तिसऱ्यांदा नुसताच लाल दिवा लावून बसला.

"आता कसं भरल्यासारखं वाटतंय!" बबनरावांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला.

तेवढ्यात करिष्मा मॅडम आल्या. त्यांनी गठ्ठा बघितला, मग तो उचलायला शिपाई बरोबर आणायला हवा होता, अशा नजरेने दाराकडे बघितलं. पहिलं पान वाचलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"बबनराव कोण?"

"आमीच." बबनरावांनी टोपी सरळ केली.

"छान. प्रत्येक पानावर सही करा. आणि उद्या एखादा बुश गाडीत चुकला, तर कंपनी तुम्हालाच बोलावेल. कुठल्याही शिफ्टला."

टोपी पुन्हा वाकडी झाली. "मला? म्हंजी, जागा माजी हाय. बुशचं मला काय ठावं? काढ गं पोरी ते नाव."

"शालनबाई?"

"मी पूजा केली बाय, मापं न्हाई घेतली," शालनबाईंनी डबा उचलला. "माजं आदी काढ."

मॅडमनी दादासाहेबांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. "मॅडम, मी बाहेरचं बघतो. आतलं... आतलं टीम बघते."

नावं एकेक करून उडाली. शुभेच्छुक तर विचारायच्या आधीच गेले. मार्जिन जाग्यावर आली आणि गठ्ठा आटून पुन्हा चार पानांचा झाला. हेडरचा उजवा चौकोन मात्र मोकळा राहिला.

"इथे कुणीतरी हवंच," मॅडम म्हणाल्या. "मापं घेतली कुणी?"

"मी," स्वप्नाली म्हणाली.

"सही कराल?"

"करते की. मीच घेतलीत, सगळी दोनदा."

"पद काय?"

स्वप्नालीने 'ट्रेनी' म्हणायला तोंड उघडलं. पण ट्रेनीची सही चालणार नाही आणि मॅडम पुन्हा आपल्याकडे वळणार, हे दादासाहेबांच्या त्याआधीच लक्षात आलं.

"क्वालिटी इनचार्ज!" ते ओरडलेच. "पर्मनंट हाय! आजपासून... म्हंजी, कागद आज निघतोय."

"मग टाका तसं."

स्वप्नालीने तसं टाकलं. ठळक अक्षरात. चार सह्या केल्या, मॅडमनी शिक्का मारला, रिपोर्ट पास झाला. दादासाहेबांनी मॅडमना गाडीपर्यंत सोडलं, आणि नंतर खरंच कागद काढला, कारण मॅडमनी त्याची प्रत मागितली होती.

संध्याकाळी वर्कशॉपचा फोन वाजला.

"पोरी, पास झालं म्हनं?" बबनराव खुशीत होते. "मंग आता काय भीती न्हाई. पुढच्या रिपोर्टात टाक की माजं नाव. बागायतदार नगं, नुसतं नाव टाक."

"टाकते की, तात्या. येताना पेन तेवढा घेऊन या."

मग बबनराव "हॅलो, हॅलो, रेंज न्हाई" असं म्हणाले आणि फोन बंद झाला. तात्यांच्या बंगल्यातला तो फोन लँडलाइन होता.