आंबा दहा पावलं सरकला

"जे हाय तेच काढतो मी! रेघभर जास्त नाई, रेघभर कमी नाई!"

हिंगणीच्या पारावर वासुदेवरावांनी अशी गर्जना केली आणि गावाने मान डोलावली. डोलावणारच! माणूस तीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. साहेबाच्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि खालची रेघ वर गिरवायची, हेच आयुष्यभर केलेलं. स्वतःच्या मनाची एक रेघ ओढली असती, तर कालवा भलत्याच्याच वावरात शिरला असता!

म्हणून अठ्ठ्याण्णव साली निवृत्त होताच त्यांनी वर्ध्याहून जाडजूड स्केचबुक आणलं आणि पण केला: रोज एक चित्र. खंड नाही. पानाच्या उजव्या कोपऱ्यात लफ्फेदार सही, तारीख आणि दिवसाचा आकडा.

"दिवस सदतीस," रुख्माबाई पान पाहून म्हणायच्या, "आन् दळन अजून तसंच हाय."

"अवं, साधना म्हन्तात याले!"

"गव्हाले नाई समजत ते."

गावाला मात्र समजत होतं. वासुदेवरावांचं चित्र म्हणजे सरकारी नकाशाचा धाकटा भाऊ! लोक वही पाहायला यायचे ते चित्रासाठी कमी, आणि आपलं घर, आपला बैल त्यात आला की नाही हे तपासायला जास्त.

असाच मे महिन्यात तानबा आला. चहा प्यायला, पानं उलटली आणि एक्केचाळिसाव्या दिवसावर त्याचं बोट थबकलं.

तानबाच्या आणि रूपरावच्या वावरामध्ये एक धुरा, आणि त्या बांधावर एक आंबा. दोघांच्या आज्यांनी मिळून लावलेला. दरवर्षी लोणच्याच्या कैऱ्या निम्म्या-निम्म्या, कधी तोंडातून शब्द नाही. आणि चित्रात तो आंबा धुरा सोडून चक्क दहा पावलं तानबाच्या वावरात उभा!

"वासुदेवराव, हे पान नेऊ काय?"

"ने ना!" वासुदेवरावांचा ऊर भरून आला. पहिला चाहता! भिंतीवर लावणार!

तानबाने ते पान खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी बंडी जुंपून थेट आंब्याखाली गेला. रूपराव धावत आला.

"अर्ध्या कैऱ्या माह्या!"

"काऊन? झाड माह्या वावरात हाय. हे पाय सही, हे पाय तारीख!"

"डोये फुटले काय बे? झाड तं धुऱ्यावर उभं हाय!"

"आता हाय! उन्हाळी नांगरता नांगरता धुरा तूच इकडं सरकवला अशीन!"

धुरा सरकवल्याचा आरोप म्हणजे आमच्याकडे आईवरून शिवी दिल्यासारखा. रूपराव तडक वासुदेवरावांच्या घरी. वासुदेवराव नेमके त्याच दिवशी, दळणाची रोजची बोलणी संपवायला, चक्कीवर गेलेले. रुख्माबाई सरळ बाई. वही मागितली, त्यांनी अख्खी वहीच दिली. रूपरावने पानं चाळली आणि दिवस सदुसष्ट सापडला.

तिथे आंबा दहा पावलं रूपरावच्या वावरात!

वासुदेवराव डोक्यावर पिठाचा डबा घेऊन परतत होते. मिशा पांढऱ्याफटक. अर्ध्या वाटेवर लोकांनी त्यांना उचललं आणि आंब्याखाली उभं केलं. डाव्या हाताला तानबा, उजव्या हाताला रूपराव, दोघांच्या हातात एकेक पान, दोन्हींवर त्यांचीच सही.

"मले समजलं!" गर्दीतून चिंधू ओरडला. याला नेहमी सगळ्यांच्या आधी समजतं. "एका दिवशी तानबाचा च्या, दुसऱ्या दिवशी रूपरावचा. ज्याचा च्या त्याचं झाड!"

वासुदेवरावांनी मनात जुळणी केली. पहिलं पान खरं, तर रूपराव चोर. दुसरं खरं, तर तानबा. दोघंही साव, तर आपण...

"उन्हाळ्यात झाड कधी कधी..." त्यांनी सुरुवात केली.

"चालत गेलतं काय?" मागून रुख्माबाई.

"मीच सरकवलं," वासुदेवराव पुटपुटले. "पानाच्या ऐन मधात येत होतं, वरातीतल्या घोड्यावानी. अन् उजव्या कोपऱ्यात सही असते माही. म्हून डावीकडं घेतलं. धुऱ्याच्या त्या टोकावर बसलो तं डावीकडं तानबाचं वावर, या टोकावर बसलो तं रूपरावचं."

"सहीसाठी?" रूपरावने विचारलं.

"तीस वर्षं सही साहेबाची होती, भाऊ."

 मग तानबाच्या नाकपुड्या फुगल्या.

"आमच्या आज्यानं लावलेलं झाड तुमाले आडवं आलं?"

"अन् ते बी दोनदा!" रूपराव तानबाला खेटून उभा राहिला. "जे हाय तेच काढतो म्हने!"

अर्ध्या तासात कैऱ्या उतरल्या, निम्म्या-निम्म्या. दोघं एकाच बंडीत बसून, एकाच माणसाला नावं ठेवत घरी गेले. वासुदेवरावांच्या घरी दरवर्षी येणारी टोपली त्या दिवशी काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी वासुदेवराव कोरं पान घेऊन ओट्यावर नुसते बसले होते. गावाकडे पाहायची हिंमत नव्हती. तेवढ्यात रूपराव आला. नवी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. कैऱ्यांची टोपली खाली ठेवून खुर्चीत बसला.

"काढा माहं चित्र."

"काढतो. पन आता कानाले खडा, भाऊ. जे हाय तेच..."

"थांबा!" रूपरावने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आंब्याचं एवढं मोठं झाड दहा पावलं सरकवलं ना? मंग हे पोट चार बोटं आत घ्याले काय होते?"

चित्र झालं. रूपरावने ते हात लांब करून धरलं, मान तिरपी केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"हां! याले म्हन्तात जे हाय तेच!"

वासुदेवरावांनी मुकाट्याने उजव्या कोपऱ्यात सही केली. या वेळी जरा बारीक अक्षरात.