फडके काकांची पन्हळ

आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत राहणारे फडके काका सूर्याबद्दल नेहमी तक्रारीच्या सुरात बोलतात. "सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे! एका जागी उभं राहायला काय होतं त्याला?"

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून काका गच्चीवरच असतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे त्यांच्याविषयीच्या तक्रारी घेऊन तेवढाच वेळ मी जिन्यात असतो. काकांनी चकचकीत पत्रे वाकवून एक पन्हळ केली. तळाशी सोलर सेलची बोटभर रुंद पट्टी. ऊन कुठल्याही बाजूने येवो, पत्र्यांवरून घसरत, गोळा होत पट्टीवरच पडणार. थोडक्या सेलमधून जास्त वीज.

"त्यापेक्षा मोटर लावा की. पॅनेल आपोआप सूर्याकडे वळत राहील," मी सुचवलं.

"त्याच्या मागे मागे मान फिरवायची? लाचारी आहे ती!"

मग सेल इतके तापले की वीज वाढण्याऐवजी घटली. काकांनी पट्टीखालून पाण्याची नळी फिरवली. वीज सुधारली, शिवाय गरम पाणी आलं. "दाढीला हवं असेल तर सांगा," मला आमंत्रण मिळालं.

स्वच्छ जागा दिसली म्हणून खालच्या मजल्यावरच्या साठे काकूंनी त्या पन्हळीत पापड घातले. तासाभरात कडा काळ्या.

"वाळत घातले होते मी, भाजायला नाही!" काकू कडाडल्या.

"गॅस वाचला आपला. आभार नंतर माना."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, पन्हळ हलवायची. निरोप घेऊन मी दुपारी काकांकडे गेलो. पेठेतले लाईट गेले होते. आतल्या खोलीत त्यांची पत्नी निजली होती. पक्षाघातानंतर त्या अंथरुणालाच खिळल्या आहेत. उशाशी छोटा पंखा गरगरत होता. त्याची वायर गच्चीवरून खिडकीतून आत आली होती.

"पंखा थांबला की तिचा जीव घाबरा होतो," काका कुजबुजले. "सांगता येत नाही हो तिला."

मी निरोप गिळला. "साठे काकूंना पापडांसाठी दुसरी जागा देतो," एवढंच म्हणालो.

तेवढ्यात फडके काकूंनी धडधाकट हाताने चादर अंगावर ओढली. काका लगेच उठले, दोरीवरचा पातळ पंचा खांद्यावर टाकला.

"कुठे निघालात?"

"तिला गार वाटतंय. पंख्याला रेग्युलेटर नाही. पन्हळीवर हा ओढून येतो, म्हणजे पंखा मंदावेल."

"आणि पुन्हा उकडलं तर?"

"पुन्हा जाऊन काढीन. मला दुसरं काम काय आहे?"

आणि भर उन्हात, गुडघ्यावर हात टेकत, काका जिना चढायला लागले.